मुळशीहून म्बाबानेला : वॉटरफर्ड काम्हलाबा ही शाळा पाहायला निघालेल्यांसाठी

दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाचा अर्ज भरताना ‘मल्टिपल एंट्री’ मागायची राहून गेली, तर हा प्रवास निघण्याआधीच अडकतो. इस्वातिनी (पूर्वीचं स्वाझीलँड) हा चिमुकला देश दक्षिण आफ्रिकेच्या कुशीत आहे, फक्त पूर्वेला थोडी मोझांबिकची हद्द. आपल्याकडून जायची सोयीची वाट जोहान्सबर्गवरून. म्हणजे दक्षिण आफ्रिकेत शिरायचं, सीमा ओलांडून बाहेर पडायचं आणि परतीच्या विमानासाठी पुन्हा शिरायचं. अर्जासोबतच्या पत्रात दोन्ही प्रवेश तारखांसह लिहा आणि शाळेचं भेटीचं पत्र जोडा. इस्वातिनीत प्रवेशासाठी काय लागतं तेही त्यांच्या वकिलातीकडून लेखी घ्या. ट्रॅव्हल एजंटच्या तोंडी आश्वासनावर सीमेवरचा अधिकारी शिक्का मारत नाही.

एवढ्या लांब जायचं कशासाठी, तर वॉटरफर्ड काम्हलाबासाठी, आणि गरीब मूल शिष्यवृत्तीवर अशा शाळेत कसं पोहोचतं ते समजून घेण्यासाठी. १९६३ साली, वर्णभेदाचा काळ ऐन भरात असताना, मायकल स्टर्न या शिक्षकाने राजधानी म्बाबानेजवळच्या टेकडीवर १६ विद्यार्थ्यांना घेऊन ही शाळा सुरू केली. सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेत १९५३च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना मुद्दाम हलकं शिक्षण दिलं जात होतं, आणि इथे सगळ्या वर्णांची मुलं एका वर्गात, एका वसतिगृहात राहत होती. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना त्यांच्या झेनानी आणि झिंझी या मुली इथेच शिकल्या. १९६७ मध्ये राजे सोभुझा दुसरे यांनी शाळेला ‘काम्हलाबा’ हे नाव दिलं. त्याचा अर्थ ‘जगाची’, माणसामाणसांत भेद न करणारी. १९८१ पासून ती युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस म्हणजे यूडब्ल्यूसी या धर्मादाय शिक्षणचळवळीत आहे. आपल्या पुण्याजवळचं मुळशी खोऱ्यातलं महिंद्रा कॉलेज, १९९७ साली सुरू झालेलं, हे तिचंच भावंड.

म्हणून पहिला सल्ला: आफ्रिकेचं तिकीट काढण्याआधी पौडच्या रस्त्याला लागा. आधी ईमेलने वेळ घेऊन मुळशीचं कॉलेज बघा. अभ्यासक्रम तोच, निवडीची पद्धत तीच, वसतिगृहातलं मिश्रण तेच. दोन्ही शाळा टेकडीवर आहेत आणि दोन्ही नामवंत वास्तुविशारदांनी घडवल्या आहेत: मुळशीची ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी, म्बाबानेची पांचो गेडिश यांनी. पुण्याहून दीड-दोन तासांत जे समजतं ते समजून गेलात, तर तिकडचे मोजके दिवस आफ्रिकेच्या दक्षिण भागाचे म्हणून जे वेगळे प्रश्न आहेत त्यांना देता येतात.

विमानाचं तिकीट स्वस्त म्हणून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे घेत असाल, तर पीतज्वराच्या लशीचा विचार आधी करा. तिथे बारा तासांहून जास्त थांबा असेल तर दक्षिण आफ्रिका लशीचं प्रमाणपत्र मागते, आणि तिथे विमानतळाबाहेर पडला असाल तर भारतात परतताना आपले आरोग्य अधिकारीही मागतात. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर हा प्रश्न येत नाही. म्बाबाने उंचावर असल्याने तिथे मलेरियाची धास्ती नाही. पूर्वेकडच्या सखल भागात मुक्काम असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करा.

जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळावरून म्बाबाने सुमारे ३५० किलोमीटर, चार ते पाच तास. विमान दुपारनंतर पोहोचत असेल तर त्या रात्री विमानतळालगतच्या केम्प्टन पार्कमध्येच राहा आणि सकाळी निघा. एन-१२ महामार्ग इमालाहलेनी शहरापर्यंत उत्तम आहे. पुढे कॅरोलिना गावाच्या बाजूला कोळशाच्या ट्रकांनी रस्त्यांची चाळण केलेली असते. उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, संध्याकाळची वादळं आणि डोंगरात दाट धुकं ठरलेलं. अंधार पडल्यावर रस्त्यावर गुरं येतात. गाडी भाड्याने घेणार असाल तर ती सीमेपलीकडे न्यायचं परवानगीपत्र बुकिंग करतानाच मागा. काउंटरवर ऐनवेळी ते मिळेलच असं नाही, आणि त्याशिवाय गाडी नाक्यावरून परत फिरवावी लागते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून.

गाडी चालवायची नसेल तर विमानतळावरून थेट म्बाबानेला जाणाऱ्या शटल गाड्या आहेत. आधी आरक्षण करा आणि विमान उशिरा आलं तर पुढची गाडी कधी आहे ते विचारून ठेवा. जोहान्सबर्गच्या पार्क स्टेशन परिसरातून मिनिबस सुटतात, त्यांना तिकडे कॉम्बी म्हणतात. त्या वेळापत्रकाने नाही, भरल्या की सुटतात. मोठ्या बॅगा घेऊन नवख्याने तिथे जाऊ नये.

सीमेचा नाका दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने ओशोएक, इस्वातिनीच्या बाजूने न्ग्वेन्या. महिनाअखेरचा शुक्रवार, ईस्टरची सुट्टी आणि डिसेंबरचा मध्य टाळा. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत आणि शहरांत काम करणारी माणसं घरी परततात आणि रांग तासन् तास चालते. मात्र ती रांग डोळ्यांसमोर असू द्या, कारण शिष्यवृत्तीचा सगळा पेच तिच्यातच दिसतो. ब्लँकेटं, मक्याच्या पिठाची पोती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन उभे असलेले हे बाप वर्षातले बरेच महिने घराबाहेर असतात. प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण या देशात जगात सर्वाधिक, त्यामुळे आईबाप गमावलेली मुलंही पुष्कळ. घर आजी चालवते. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही ‘आई किंवा वडील किंवा कायदेशीर पालक’ यांची लागते. आजी सांभाळते, पण कागदोपत्री ती पालक नसते.

शिष्यवृत्त्यांची जाहिरात होते ती फीच्या आकड्यावर, पण गरीब मूल अडतं ते आधी कागदावर आणि मग प्रवासखर्चावर. जन्माची नोंद नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून पासपोर्ट नाही, आणि सीमेपलीकडच्या कुठल्याही शाळेसाठी पासपोर्ट हवा. ही साखळी सुटायला महिने जातात आणि अर्जाची मुदत तोवर थांबत नाही. या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना खरी मदत करायची असेल, तर मूल चौदा वर्षांचं असतानाच त्याची फाइल तयार करायला मदत करा: जन्मदाखला, आईबापाचा मृत्यूदाखला असल्यास तो, पालकत्वाचा आदेश, तीन वर्षांच्या गुणपत्रिका, पासपोर्ट. प्रत्येकाच्या दोन साक्षांकित प्रती, एक शाळेत, एक घरी.

यूडब्ल्यूसीची निवड देशोदेशीच्या राष्ट्रीय समित्या करतात. मुलं साधारण १६ ते १८ वयाची, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. निवड गुणवत्तेवर आणि आर्थिक मदत गरजेवर, हे तत्त्व. आधी अर्ज आणि निबंध, मग गटातली कामं आणि मुलाखत. इथे सगळ्यात जास्त नुकसान करतात ती दुसऱ्याने लिहून दिलेली गोड इंग्रजी वाक्यं. मुलाखतीत मूल तसं बोलत नाही आणि विसंगती लगेच दिसते. मोडक्या इंग्रजीत लिहिलेली, पण धाकट्या भावंडांना सांभाळून अभ्यास कसा केला याची नेमकी हकिगत कितीतरी वजनदार ठरते. शिफारसपत्र आमदार-खासदाराच्या तोडीच्या माणसाचं नको, गणित शिकवणाऱ्या बाईंचं हवं.

मदत मिळाली की तिच्या पत्रातली प्रत्येक ओळ तपासा. शिकवणी, निवास, जेवण, पुस्तकं हे बहुधा असतं. विचारायचं ते पुढचं: घरी जायचं भाडं वर्षातून किती वेळा? व्हिसा, विमा, परीक्षेची फी कोण भरणार? चादरी, गरम कपडे, खिशातले पैसे? सुट्टीत वसतिगृह बंद झालं तर मूल कुठे राहणार? हाच प्रश्न सगळ्यात जास्त राहून जातो, आणि घरी परत जायला घरच उरलेलं नाही अशा मुलासाठी तोच सगळ्यात मोठा असतो. शाळेच्या भेटीत प्रवेश विभागाला हे प्रश्न जरूर विचारा. उत्तरं मोकळेपणाने देणारी माणसं भेटली की संस्था कशी चालते ते कळतं.

वॉटरफर्डचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे आयबीची परीक्षा नोव्हेंबरमध्ये होते. मुळशीत वर्षाची सुरुवात ऑगस्टमध्ये. महाराष्ट्रातून वॉटरफर्डला जाणाऱ्या मुलाने दहावीनंतरचे महिने कसे घालवायचे ते आधीच ठरवावं. तिकडून अमेरिकेच्या कॉलेजात जाणाऱ्यांनाही निकालानंतर ऑगस्टपर्यंत थांबावं लागतं. हे महिने खेड्यातल्या मुलाला अवघड जातात. घरी कमावण्याचा दबाव येतो आणि काही जण तिथेच गळतात. तो काळ भरून काढणारी तात्पुरती नोकरी किंवा शिकवणीचं काम निकालाआधी शोधून ठेवावं.

आयबीत सहा विषय, त्यातले साधारण तीन वरच्या पातळीवर. प्रत्येकी सात गुण, शिवाय ४,००० शब्दांचा प्रबंध आणि ज्ञानमीमांसा (थिअरी ऑफ नॉलेज) हा विषय मिळून तीन, एकूण ४५. डिप्लोमाला किमान २४ लागतात, इतर अटी वेगळ्या. यातली एक तरतूद पालकांना सहसा माहीत नसते. शाळेत मातृभाषेचा शिक्षक नसला तरी मूल स्वतःच्या भाषेतलं साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वअध्ययनाने घेऊ शकतं. त्यात नऊ साहित्यकृती वाचायच्या असतात आणि विषय फक्त साध्या पातळीवर मिळतो. सिस्वाती ही इस्वातिनीची भाषा बोलणाऱ्या मुलाला मुळशीत किंवा मराठी मुलाला म्बाबानेत भाषा सोडावी लागू नये, यासाठीची ही वाट आहे. पण मागणी वेळेवर करावी लागते आणि पुस्तकं घरून न्यावी लागतात. आडगावच्या शाळेतून आलेल्या मुलाला पहिले सहा महिने विज्ञानातली प्रयोगवही आणि इंग्रजीतले लांब निबंध जड जातात. बुद्धी कमी म्हणून नव्हे, प्रयोगशाळा आधी पाहिलेलीच नसते म्हणून.

पुढच्या शिक्षणासाठी डेव्हिस यूडब्ल्यूसी स्कॉलर्स ही २००० साली सुरू झालेली योजना सगळे सांगतात. ती अमेरिकेतल्या ठरावीक भागीदार कॉलेजांपुरती आहे आणि कॉलेजात प्रवेश मिळाल्यावर गरजेनुसार लागू होते. यूडब्ल्यूसीत निवड झाली म्हणजे अमेरिकेचं शिक्षण फुकट, असं कुणाला सांगू नका.

एक पूर्ण दिवस शाळेबाहेरच्या गावांसाठी ठेवा, नाहीतर चित्र अर्धंच राहतं. इस्वातिनीत प्राथमिक शिक्षण २०१० पासून इयत्तेमागून इयत्ता मोफत होत गेलं. माध्यमिकला मात्र फी आहे. अनाथ आणि गरजू मुलांची फी सरकार उचलतं, तरी गणवेश, काळे बूट आणि बसभाडं घरच्यांनाच भरावं लागतं. शाळेत जायच्या आधीच्या लहानग्यांसाठी गावोगावी ‘नेबरहूड केअर पॉइंट’ आहेत. आपल्या अंगणवाडीचीच कल्पना, पण चालवतात गावातल्या बाया, बहुधा बिनपगारी. तीन पायांच्या काळ्या लोखंडी भांड्यात मक्याचं पीठ शिजत असतं. लाकडी दांड्याने ते घोटायला दोन्ही हात लागतात, आणि झालेलं लिपालिशी आपल्या उकडीसारखं घट्ट वाफाळतं. सोबत घेवड्याची उसळ. शाकाहारी माणसाचं तिथे व्यवस्थित भागतं.

अशा ठिकाणी स्थानिक संस्थेच्या माणसाबरोबरच जा. अनेकांना भेटताना ‘सानिबोनानी’, एकट्याला ‘सावुबोना’, उत्तराला ‘येबो’. वयस्क बाईला ‘मागे’ म्हणजे आई, पुरुषाला ‘बाबे’ म्हणतात, मराठी कानाला ते लगेच रुळतं. काही घेताना उजवा हात पुढे आणि डाव्या हाताचा त्याला आधार. मुलांचे फोटो पालकांच्या आणि संस्थेच्या परवानगीशिवाय काढू नका. राजवाडा, पोलीस, लष्कर यांचे तर मुळीच नकोत. आठवडाभरासाठी येऊन अनाथ मुलांना ‘शिकवणं’ टाळा. पाहुणे बदलत राहतात आणि मुलांना दर वेळी नव्याने जीव लावावा लागतो.

पेन, चॉकलेटं वाटू नका. त्यापेक्षा शाळेकडून बुटांच्या मापांची यादी घ्या, मंझिनी शहरातल्या दुकानातून तिथल्या पैशाने बूट घ्या आणि शाळेच्या कार्यालयात पावतीसह जमा करा. मुलींच्या शाळेत सॅनिटरी पॅडची गरज विचारून घ्या. देणगी द्यायची असेल तर परदेशी संस्थेला दिलेल्या रकमेवर प्राप्तिकरातली ८०जीची सवलत मिळत नाही, हे सी.ए.शी बोलून ठेवा.

भेटीसाठी शाळेला सहा ते आठ आठवडे आधी लिहा. ऑक्टोबर-नोव्हेंबर परीक्षेचे, डिसेंबर सुट्टीचा. फेब्रुवारी-मार्च किंवा मे-जून बरे. मात्र मेनंतर म्बाबानेच्या रात्री गारठतात, स्वेटर सोबत असू द्या.

तिथलं चलन लिलांगेनी, अनेकवचनी एमालांगेनी. त्याची किंमत दक्षिण आफ्रिकेच्या रँडइतकीच आणि इस्वातिनीत रँडच्या नोटा चालतात. उलट मात्र नाही: उरलेले एमालांगेनी न्ग्वेन्याच्या नाक्याअलीकडेच खर्च करा किंवा बदलून घ्या, ओशोएकपलीकडे ते कुणी घेत नाही.