रस्त्यात बंद पडली तर?

लग्नाच्या पंगतीत, रामबागेत भाजी घेताना, पेट्रोल पंपावर, कुठेही माझ्या जुन्या जावा मोटरसायकलचा विषय निघाला की हाच प्रश्न येतो: "गाडी झकास आहे हो, पण रस्त्यात बंद पडली तर?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. पडते. आणि बहुतेक वेळा चहा होईपर्यंत सुरूही होते.

माझी गाडी म्हैसूरच्या आयडियल जावाची, 250 सीसीची, टू स्ट्रोक इंजिनाची. तो कारखाना 1996 साली बंद झाला, तेव्हा सर्व्हिस सेंटरची आशाच नाही. पण आत आहे काय? 65 मिमी बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, एक सिलिंडर आणि 75 मिमीचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव. व्हॉल्व नाहीत, टायमिंग चेन नाही. किकसुद्धा वेगळी नाही. गिअरचाच दांडा आत दाबून वर वळवला की किक तयार. लोकांना वाटतं, जुनी गाडी खोलून पुन्हा उभी करायची ती क्रोम चमकवायला. क्रोम-रंग सगळ्यात शेवटी. पैसे आधी क्रँकच्या बेअरिंगला, ऑइल सीलला आणि वायरिंगला. सील गळकं असलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं, तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरात अडकून बसतो. ते काही रस्त्याकडेला बसून सुटत नाही, ते घरीच निस्तरायचं.

रस्त्यात उरतात ती किरकोळ दुखणी. आधी पेट्रोलची नळी काढून बघायची, धार येते का. येत असेल तर प्लग काढून सिलिंडर हेडला टेकवायचा आणि किक मारायची. निळी, टणक ठिणगी पडली तर पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क, ठीक आहेत. पिवळी, मरतुकडी पडली तर कव्हर उघडायचं, पॉलिश पेपरची घडी पॉइंटच्या मध्ये घालून दोनदा ओढायची आणि मग कोरा कागद फिरवायचा. बोटाचं तेल तिथे लागता कामा नये, एवढंच सांभाळायचं. पॉइंट उघडल्यावरची फट 0.4 मिमी. क्लच आणि थ्रॉटलच्या जास्तीच्या केबली मी टाकीखालीच बांधून ठेवतो.

खरी काळजी घाटाची. इंदूरजवळच्या महूहून नर्मदाकाठच्या मंडलेश्वरकडे निघालं की जाम गेट लागतं, अहिल्याबाईंच्या काळचं, 1791 सालचं. तिथे माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता वळणं घेत निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. चढताना नाही, उतरताना टू स्ट्रोक मरतो. त्याला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच, लिटरला 40 मिली. थ्रॉटल मिटून इंजिनाच्या जोरावर गाडी सोडली की चाक इंजिनाला गरगर फिरवतं आणि तेल मात्र जवळजवळ येईनासं होतं. म्हणून दर वळणाआधी क्लच दाबून थ्रॉटल जरा उघडायचा, एक घोट पाजायचा. मागून येणारे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

रात्री मी चालवत नाही. 6 व्होल्टचा दिवा, त्यात इंजिन हळू झालं की तोही मंदावतो. दिवस मावळताना जिथे असू तिथेच मुक्काम. तंबू ही माझी स्टेपनीच. फक्त नर्मदेच्या वाळूत तंबू ठोकू नका, कितीही मोह झाला तरी. वर धरणं आहेत, पाणी सोडलं की पात्र रात्रीतून भरतं. 2005 साली नर्मदाकाठी धाराजीच्या जत्रेला आलेली माणसं अशीच वाहून गेली. घाटाच्या वरच्या अंगाला, देवळाच्या ओसरीशेजारी विचारून जागा घ्यावी. निमाडात नाही म्हणत नाहीत. उलट "ये तो हमारे बाबूजी के पास थी" म्हणत कोणीतरी येतोच, आणि मग प्लगपाना माझ्या हातात राहत नाही.

एवढं करून तुम्ही घेणार असाल, तर टूटी ऑइलची, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या त्या टू स्ट्रोक तेलाची बाटली घरूनच भरून न्या. आडगावच्या पंपावर ते मिळेलच असं आता नाही.