भूत कुठंय?

"जवळजवळ दोन तास झाले, भूत कुठंय?" काल रात्री सिनेमा संपता संपता आलेला प्रश्न. विचारणारा मग पॅसेजचा दिवा चालू ठेवूनच झोपला, हा भाग वेगळा.

सिनेमा रॉबर्ट वाइजचा 'द हाँटिंग', 1963 चा, कृष्णधवल. त्यात भूत एकदाही दिसत नाही.

दिसतं ते दार. आधी धडधड आवाज, मग शांतता, आणि जाडजूड लाकडी दार आतल्या बाजूला फुगायला लागतं. छाती भरून श्वास घ्यावा तसं. युक्ती काय? दार लाकडाच्या पातळ थरांचं, म्हणून वाकणारं. मागून एक दणकट माणूस ढकलतोय. बस्स.

घराच्या भिंती तिरक्या वाटतात तेही उगाच नाही. पॅनाव्हिजन या कॅमेरा-लेन्स बनवणाऱ्या कंपनीची 30 मिमीची वाइड लेन्स तेव्हा पुरती तयार नव्हती, चित्र वाकडं यायचं. वाइजने दोष मान्य असल्याचं लिहून दिलं आणि तीच मागून घेतली!

मोबाइलवर मात्र पाहू नका. छोट्या स्पीकरमधून तो खर्जातला दणका येतच नाही, नुसती टकटक ऐकू येते. ट्यूबलाइट चालू असेल तर काळ्या कोपऱ्यांत आपलाच सोफा दिसतो. टीव्हीच्या सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग (हालचाल जास्तच सलग दाखवणारी सोय) बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. आणि आवाज सुरुवातीच्या संवादांवर एकदा लावला की रिमोट लांब ठेवा. दाराच्या प्रसंगाला हात आपोआप तिकडे जातो.

तुम्ही पाहिला असेल तर सांगा, दारामागे तुम्हाला कोण वाटलं?