ओहायोत पेट्रोल घ्यायचं नाही

डंडी हे मिशिगन राज्याच्या दक्षिण टोकाजवळचं, हायवे २३ वरचं छोटं गाव. ॲन आर्बरहून निघालं की साधारण पंचवीस मैलांवर. थोडं पुढे गेलं की राज्याची हद्द संपते आणि ओहायो लागतं. २०१६ च्या नोव्हेंबरात, मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांचा फुटबॉल सामना बघायला ओहायोतल्या कोलंबसला निघालो असताना, पहाटे साडेपाचच्या काळोखात, माझ्या नागपूरकर मित्राने तिथल्या पंपावर गाडी लावली आणि टाकी गळ्यापर्यंत भरली. काटा निम्म्याच्या वर होता. मी म्हटलं, पुढे घेऊ की. तो म्हणाला, "ओहायोत एक थेंब घ्यायचा नाही बे. नियम आहे."

या नियमामागे एक आख्यायिका आहे. वुडी हेज हे मिशिगनच्या कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट संघाचे १९५१ ते १९७८ या काळातले प्रशिक्षक. एकदा खेळाडू हेरायला मिशिगनमध्ये आले असताना परतीच्या वाटेवर गाडीतलं पेट्रोल संपत आलं. सोबतचा सहायक पंपावर थांबू म्हणाला. हेज म्हणाले, वेळ आली तर हद्दीपर्यंत गाडी ढकलत नेऊ, पण या राज्याला एक पैसा देणार नाही. खरं-खोटं देव जाणे, पण दोन्ही राज्यांत ही गोष्ट पोराबाळांना पाठ आहे. आम्ही तीच उलट्या बाजूने पाळायची ठरवली. जुनी कोरोला होती. डंडी ते कोलंबस आणि परत डंडी, सव्वातीनशे मैलांच्या वर. एका टाकीत बसायचं.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. फुटबॉलची ईर्षा काय असते हे मला अमेरिकेत कुणी शिकवायची गरज नव्हती. काकांच्या खांद्यावर बसून मी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे सामने बघितलेत. सामन्याच्या आदल्या रात्री पेठेत झोप नसते, हरलं की घरात दोन दिवस कुणी धड बोलत नाही. २०१५ मध्ये मी मिशिगन विद्यापीठात एम.एस.साठी आलो. इथला फुटबॉल वेगळा. चेंडू लंबगोल, हाताने फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. नियम समजायला मला दोन महिने लागले. ईर्षा पहिल्याच शनिवारी समजली. आमच्या घरच्या मैदानाची आसनक्षमता १,०७,६०१ आहे, आणि ती माणसं एका सुरात ओरडायला लागली की छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी हलतं.

पण घरच्या मैदानावर काय, सगळे आपलेच. खरी कसोटी दुसऱ्याच्या पेठेत.

टोलीडो शहर लागलं तेव्हा अजून अंधारच होता. याच शहरावरून १८३५ मध्ये मिशिगन आणि ओहायोमध्ये जवळजवळ युद्धच पेटलं होतं. दोघांनीही शिबंदी उभी केली होती. शेवटी टोलीडोची पट्टी ओहायोला मिळाली, त्या बदल्यात मिशिगनला उत्तरेचं द्वीपकल्प मिळालं आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. त्या जंगलात पुढे तांब्याच्या आणि लोखंडाच्या खाणी निघाल्या, म्हणजे सौदा आमच्याच पथ्यावर पडला असं मिशिगनची माणसं आजही सांगतात. फिंडलेच्या पुढे उजाडलं. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची आणि सोयाबीनची रानं, सपाट, नजर पोचेल तिथपर्यंत खुंटंच खुंटं. आमचा रंगही मक्याचा. नुसता पिवळा म्हटलं तर इथले लोक दुरुस्त करतात. मक्याच्या दाण्याचा पिवळा, आणि सोबत निळा. कॅरी, अप्पर सँडस्की, मॅरियन, डेलावेअर अशी गावं मागे पडली. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच खाल्ली.

कोलंबसला पोचलो आणि पहिली गोष्ट दिसली ती लाल पट्ट्या. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवर जिथे जिथे इंग्रजी ‘एम’ असेल तिथे त्यावर लाल चिकटपट्टीची फुली मारतात. इमारतींची नावं, दिशादर्शक, सगळीकडे. मी एका पाटीजवळ जाऊन बघितलं. पट्टी नीट, कडा जुळवून, बोटाने दाबून बसवलेली होती. कुणीतरी प्रेमाने केलेलं काम होतं ते. तिथेच मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. एवढी मेहनत परक्यासाठी कुणी करत नाही.

लेन ॲव्हेन्यूवरून चालताना शिव्या भरपूर खाल्ल्या. एका पोराने अर्धा भरलेला कॅन आमच्या पायाशी फेकला. ओलेंटॅंजी नदीकाठचं ते घोड्याच्या नालेसारखं स्टेडियम १९२२ चं आहे. त्या दिवशी आत एक लाख दहा हजारांवर माणसं होती, आणि आम्ही वरच्या मजल्यावर लाल समुद्रातले दोन पिवळे ठिपके. सामन्याआधी त्यांचं बँड मैदानात आलं. त्यात फक्त पितळी वाद्यं आणि ढोल. वाजवत वाजवत ते एका रांगेतून ‘ओहायो’ हा शब्द वळणदार इंग्रजी लिपीत काढतात, १९३६ पासूनची ही रीत आहे. शेवटी सूझाफोन हे अंगाभोवती घ्यायचं मोठं पितळी वाद्य घेतलेला एक विद्यार्थी ऐटीत पावलं टाकत जातो आणि ‘आय’वरचा टिंब होऊन उभा राहतो. चार वर्षं घासून त्या एका टिंबाची जागा मिळते. तो कमरेतून वाकून मानवंदना देतो तेव्हा सगळं स्टेडियम गर्जतं. मी टाळ्या वाजवल्या. नागपूरकराने माझ्याकडे बघितलं आणि मग त्यानेही वाजवल्या.

सामना अजून अंगावर येतो. देशाच्या क्रमवारीत आम्ही तिसऱ्या क्रमांकावर, ते दुसऱ्या. शेवटपर्यंत १७-१४ ने पुढे होतो, अगदी शेवटच्या क्षणी त्यांनी फील्ड गोल करून, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारून, तीन गुणांनी बरोबरी साधली. या दोन संघांच्या इतिहासात पहिल्यांदाच जादा वेळ झाला. तोही बरोबरीत. दुसऱ्या जादा वेळेत आम्ही २७-२४. त्यांचा चौथा आणि शेवटचा प्रयत्न, हवाय फक्त एक यार्ड. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे एरवी चेंडू फेकणारा खेळाडू, बॅरेट स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि रेषेपाशीच पाडला गेला. पोचला की नाही? व्हिडिओ बघितला गेला. एक लाख माणसं गप्प. इतकी शांतता की माझ्या जॅकेटची चेन वाऱ्याने वाजत होती ती मला ऐकू आली. निर्णय त्यांच्या बाजूने. पुढच्याच खेळीत त्यांचा कर्टिस सॅम्युएल डावीकडून पंधरा यार्ड धावत शेवटच्या रेषेपार गेला. ३०-२७. मिशिगनमध्ये अजूनही कुणाला नुसतं ‘तो स्पॉट’, म्हणजे बॅरेट पडला ती जागा, म्हणा, पुढचं सांगावं लागत नाही.

मी खाली बसलो. शेजारी लाल कोट घातलेले एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. चार तास ते आमच्याशी एक शब्द बोलले नव्हते, फक्त मध्यंतराला माझे हात काकडलेले बघून हात शेकायची दोन पाकिटं त्यांनी गुपचूप माझ्या मांडीवर ठेवली होती. आता सगळे नाचत असताना ते वाकले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडी सावकाश चालवा. नीट घरी पोचा." बस, एवढंच. परतीच्या साडेतीन तासांत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. ती पाकिटं खिशात टोलीडोपर्यंत गरम होती.

मग या वाऱ्या सुरूच राहिल्या. २०१८ च्या १ सप्टेंबरला इंडियाना राज्यातल्या साऊथ बेंडला गेलो, नॉटर डेम विद्यापीठाकडे. तिथला मामला वेगळा. गेटवरचा म्हातारा स्वयंसेवक तुम्हाला हात जोडावेत तसं अदबीने ‘स्वागत’ म्हणतो, शत्रूचा झेंडा दिसला तरी. त्यांना हा खेळ १८८७ मध्ये मिशिगनच्याच पोरांनी जाऊन शिकवला, आणि त्याच दिवशी ८-० ने हरवलंही. वाचनालयाच्या भिंतीवर येशूचं भव्य भित्तिचित्र आहे, दोन्ही हात वर केलेलं, टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं, झाल्यावर रेफरी करतात तसं. लोक त्याला ‘टचडाउन येशू’च म्हणतात. सूर्य कलताना मी बराच वेळ त्याच्यासमोर उभा होतो. सामना २४-१७ ने गेला. इंडियानात पेट्रोल घ्यायला नियमाची आडकाठी नव्हती.

पण मला सांगायचंय ते पेन स्टेट विद्यापीठाबद्दल. १९ ऑक्टोबर २०१९, दिवाळी आठ दिवसांवर. आईने पाठवलेल्या फराळाचं पार्सल आदल्याच दिवशी आलं होतं, चिवड्याचा डबा तसाच गाडीत टाकला. ओहायो ओलांडून पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत शिरलो. सहा-साडेसहा तासांचा रस्ता, ऑक्टोबरची पानं पेटलेली, लाल, केशरी, हळदी. राधानगरीचा घाट बघत वाढलेल्या माणसाला सपाट मिशिगनमध्ये चार वर्षं काढल्यावर डोंगर दिसला की काय होतं ते त्यालाच कळतं. मी गाडी थांबवायला लावली आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

तिथे वर्षातल्या एका मोठ्या सामन्याला ‘व्हाइट आउट’ असतं. लाखावर माणसं पांढऱ्या कपड्यांत. रात्रीच्या दिव्यांत बीव्हर स्टेडियम म्हणजे चारही बाजूंनी उभी राहिलेली दुधाची भिंत. आवाज कानाला नाही, दातांना जाणवतो. आम्ही २१-० ने मागे पडलो. मग एकेक करत परत आलो. २८-२१. दोन-अडीच मिनिटं उरलेली, चौथा प्रयत्न, चेंडू हवेत, आणि आमचा रॉनी बेल शेवटच्या रेषेपलीकडच्या पट्ट्यात मोकळा. चेंडू त्याच्या हातात आला आणि निसटला.

तो गुडघ्यांवर बसला. मला एवढ्या लांबूनही त्याचं डोकं जमिनीला टेकलेलं दिसत होतं. एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं. त्या क्षणी हरल्याचं दुःख मला झालंच नाही, फक्त वाटलं कुणीतरी जाऊन त्याला उठवा. सहकाऱ्यांनी उठवलं. पेठेतल्या एका सामन्यात चुलतभावाने पेनल्टी बाहेर मारली होती, ती संध्याकाळ मला आठवली. काका त्याला घेऊन रंकाळ्यावर गेले होते आणि दोघंही कणसं खाऊन रात्री उशिरा परतले. कुणीही त्याला त्याबद्दल पुन्हा विचारलं नाही.

२०२० मध्ये साथीमुळे ओहायोचा सामनाच झाला नाही, १९१८ पासून दरवर्षी होत आलेला. त्या शनिवारी मी आणि नागपूरकर उगाचच डंडीपर्यंत गेलो, कॉफी घेतली, परतलो. २०२१ मध्ये ईस्ट लान्सिंगला, अवघ्या सव्वा तासाच्या अंतरावर, मिशिगन स्टेट या राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाच्या केनेथ वॉकरने एकट्याने पाच टचडाउन केले आणि आमची सोळा गुणांची आघाडी गेली. ३७-३३. त्यावर जास्त लिहवत नाही.

आणि २६ नोव्हेंबर २०२२. पुन्हा डंडी, पुन्हा गळ्यापर्यंत टाकी. दोन्ही संघ अकरापैकी अकरा जिंकलेले. कोलंबसमध्ये मिशिगन २००० नंतर जिंकलंच नव्हतं. तीच लेन ॲव्हेन्यू, त्याच फुल्या. मध्यंतराला २०-१७, ते पुढे. आमचा मुख्य धावपटू ब्लेक कोरम जखमी. मी हात चोळत बसलो होतो. मग तिसऱ्या सत्रात वारं फिरलं, आणि चौथ्यात डोनोव्हन एडवर्ड्स सुटला. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात चेंडू. पंच्याहत्तर यार्ड. थोड्या वेळाने पुन्हा, पंच्याऐंशी यार्ड. दुसऱ्या वेळी तो आमच्या बाजूने गेला तेव्हा खालच्या रांगांतून लाल कोट उठून दाराकडे चालायला लागलेले दिसले. सहा वर्षांपूर्वीचे आजोबा त्यांत असतील का, असं वाटून मी बघत राहिलो. ४५-२३. मैदानात आमची पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती, त्यांत रॉनी बेलही होता. २०२१ च्या पहिल्याच सामन्यात गुडघा मोडून घेऊन, वर्ष वाया घालवून परत आलेला. मी दुर्बीण त्याच्यावरच धरून ठेवली. तो हसत होता.

बाहेर पडताना एक लाल टोपीतलं कुटुंब आमच्यासमोरून चाललं होतं. लहान मुलगी वडिलांच्या कडेवर हमसून रडत होती. माझ्या खिशात त्या दिवशीही हात शेकायची पाकिटं होती. मी वडिलांना विचारून एक तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, सांभाळून जा, घरी नीट पोचा. वडिलांनी मान हलवली.

गर्दीत तासभर गेला होता. फिंडले ओलांडलं आणि काट्याखालचा पिवळा दिवा लागला. डाव्या हाताला पंप, उजव्या हाताला पंप. नागपूरकर स्टिअरिंगवर पुढे झुकून बसला, हीटर बंद केला, वेग साठवर आणला. टोलीडोच्या दिव्यांत आम्ही श्वास धरून बसलो. हद्दीची पाटी गेली. पुढे डंडीचा तोच पंप.

तो नळी लावून उभा राहिला, तोंडातून वाफा निघत होत्या. मीटरवरचे आकडे फिरत होते. रात्रीचे साडेआठ वाजत आले होते, म्हणजे कोल्हापुरात सकाळचे सात. मी काकांना फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज होता.

"जिंकलासा का रं?" काकांनी विचारलं.

"जिंकलो काका. त्यांच्या पेठेत."

पलीकडून आधी काकांचा आवाज आला नाही. ते फोन बाजूला धरून घरात ओरडून सांगत होते.