हसाजी म्हणजे कोण?

भाचीचं लग्न ठरलं तिकडे इस्राएलमध्ये, दिमोनाला. तिथलं लग्नाची नोंदणी करणारं ऑफिस म्हणालं की मुलगी ज्यू आहे याचा पुरावा आणा, आणि पुरावा आईकडून पाहिजे, म्हणजे ताई, तिची आई, तिची आई, असं वर वर. ताईने रात्री फोन केला, "दादा, आईबाबांची केतुबा शोध रे." केतुबा म्हणजे आमच्या लग्नाचा करारनामा. ती २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्याच्या घरात पाण्यात लगदा झाली होती.

आम्ही रोहेकर. आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत बऱ्याच आडनावांत गाव असतं, किहीमकर, नवगावकर, दिवेकर, त्यामुळे मला वाटलेलं मुळं शोधणं म्हणजे काय, आडनाव वाचायचं आणि एसटीत बसायचं. पण आडनाव येतं बापाचं आणि यांना पाहिजे आईची बाजू! लग्न होऊन ज्या बायकांचं गाव दर पिढीला बदललं त्यांना शोधायचं कुठे?

मामाकडे ट्रंकेत आजीची केतुबा मिळाली. कडेला रंगीत वेलबुट्टी, मधे हिब्रू अक्षरं, साल ५७०२. त्यातून ३७६० वजा करायचे, म्हणजे १९४२. नवरीचं नाव आणि तिच्या बापाचं नाव, यहेज्केल. आईचं नाव केतुबेत लिहीत नाहीत. ऑफिसने परत विचारलं, आजीची आई कोण? १९६२ मध्ये पण आमच्या लोकांना असंच आईकडचं कूळ वर वर विचारत होते, लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले तेव्हा १९६४ मध्ये मिटलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मिटलं म्हणे.

आजीच्या माहेरच्या जमिनीचे जुने उतारे काढले तर त्यात यहेज्केल कुठेच नाही, सगळीकडे हसाजी. तलाठी म्हणाला हा वेगळाच माणूस दिसतो. मी पण आठवडाभर तेच धरून चाललेलो. मग मशीद बंदरला आमच्या जुन्या मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) प्रार्थनेला गेलो असताना ट्यूब पेटली. ती मशीद १७९६ ची, बांधली सॅम्युअल एझेकिएल दिवेकरांनी, आणि त्यांचंच दुसरं नाव सामाजी हसाजी! एझेकिएल, यहेज्केल, हसाजी, सगळं एकच की. पण मला कळून काय उपयोग, कागदावर पाहिजे ना.

शेवटी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली, पुढे एसटीने अलिबाग आणि तिथून रिक्षाने आजीच्या माहेरच्या गावी. कब्रस्तान विचारलं तर वाटेत एक मावशी म्हणाल्या, "शनवारतेल्यांचं ना? त्या माडांच्या मागं." आमचे लोक तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. ते नाव मी घरात गोष्टीत ऐकलेलं, पण कुणी असं रस्त्यात, पत्ता सांगितल्यासारखं म्हणेल असं वाटलं नव्हतं. एकदम बरं वाटलं.

कब्रस्तानात गुडघाभर गवत. दगडांवर शेवाळ, अक्षर लागत नव्हतं. त्याच मावशींनी वाटीभर तांदळाचं पीठ आणून दिलं, पाण्याने दगड धुवून सुकू दिला आणि वरून पीठ चोळलं की खाचांत पांढरं बसतं. चौथ्या का पाचव्या दगडावर पणजी सापडली. वर हिब्रू, खाली मराठी. मला हिब्रू प्रार्थनेपुरतं, धड लागेना. भाचीला मराठी बोलता येतं, वाचता नाही. म्हणून व्हिडिओ कॉल लावला, ती वरच्या ओळी वाचतेय, मी खालच्या.

ती म्हणाली, "मामा, एशेत यहेज्केल. यहेज्केलची बायको."

मी वाचलं, "कोम हसाजी." कोम म्हणजे बायको.

दोघं जरा गप्पच झालो, मग ती तिकडे ओरडायला लागली.

दगडाचे फोटो, उतारे आणि मशिदीचं पत्र असं सगळं पाठवलं. दोन महिन्यांनी होकार आला. लग्नाआधीच्या मलिद्याला (आमचा पोह्यांचा विधी) पोहे मी इथूनच नेले, ताईला तिकडचे चालत नाहीत.

मलिद्याला नवऱ्याकडच्या एका म्हातारबांनी विचारलं, "रोहेकर ना? कसं आहे हो आता रोहा?" काय सांगणार. दिवा-सावंतवाडीच्या खिडकीतून पाहिलंय, उतरलो एकदाही नाहीये.