जिना, फरशी आणि निधीची मुदत

सार्वजनिक निधीतून एखाद्या शहराच्या जुन्या मध्यवस्तीला पुन्हा जाग आणायचे ठरले, की पहिला हात नेहमी फरशीला लागतो. रस्ता उखडला जातो, दगडी फरशी बसते, दिव्यांचे खांब बदलतात, चौकात कारंजे येते आणि कोनशिलेचे अनावरण होते. दोन वर्षांनी त्याच फरशीवरून चालताना दुतर्फा पूर्वीइतकीच दुकाने बंद दिसतात. याचे खापर बहुधा भ्रष्टाचारावर किंवा नियोजन करणाऱ्यांच्या कल्पनाशून्यतेवर फोडले जाते. अशा योजनांची मार्गदर्शक तत्त्वे आणि त्यांच्यावरचे लेखापरीक्षण अहवाल मी बरीच वर्षे आवडीने वाचत आलो आहे (आवड चमत्कारिक आहे, हे मान्य), आणि त्यातून माझे मत थोडे वेगळे बनले आहे. निधीच्या मुदतीत हमखास पूर्ण होणारी आणि छायाचित्रात दिसणारी वस्तू फरशीच असते, म्हणून तिची निवड होते. निधी किती आहे यापेक्षा तो किती दिवसांत आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची पडला पाहिजे, यावर मध्यवस्तीचे आणि आसपासच्या खेड्यांचे पुढचे बरेचसे ठरून जाते.

इंग्लंडचा अलीकडचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे २०१९ मध्ये ३.६ अब्ज पौंडांचा ‘टाउन्स फंड’ जाहीर झाला आणि १०१ शहरांना प्रत्येकी साधारण अडीच कोटी पौंडांपर्यंतचे प्रस्ताव पाठवण्यास सांगण्यात आले. शहरांची निवड कोणत्या निकषांवर झाली, यावरून संसदेच्या लोकलेखा समितीने पुढच्याच वर्षी सरकारला धारेवर धरले. हा निधी आणि त्यानंतर आलेले त्याच धर्तीचे निधी मिळून सुमारे १०.४७ अब्ज पौंडांची तरतूद होती. त्यांपैकी सप्टेंबर २०२३ पर्यंत स्थानिक संस्थांच्या हातून जेमतेम १.२४ अब्ज पौंड खर्च झाले होते, हेही त्याच समितीने २०२४ मध्ये नोंदवले. निर्णय लांबत गेले, मधल्या काळात बांधकामाचे दर वाढले आणि मंजूर रकमेत मूळ काम बसेनासे झाले. स्पर्धेने निधी वाटण्याची पद्धत कागदावर न्याय्य दिसते. प्रत्यक्षात ज्या संस्थेकडे स्वतःचा अभियंता आणि सल्लागार नेमण्याची ऐपत असते, तिचा प्रस्ताव नेटका होतो आणि ज्या गावाला निधीची खरी निकड असते, त्याचा प्रस्ताव छाननीतच गळतो.

खेड्यांच्या वाट्याला याच काळात ११ कोटी पौंडांचा स्वतंत्र ग्रामीण निधी आला, पण त्याला एक अट होती: खर्च फक्त भांडवली असला पाहिजे. वरवर पाहता ही अट शहाणपणाची वाटते, कारण भांडवली खर्चातून काहीतरी टिकाऊ उभे राहते. पण गावातल्या एखाद्या सभागृहाचे उदाहरण घ्या. छप्पर बदलायला, स्वयंपाकघर बांधायला, उताराचा रस्ता करायला अशा निधीतून अनुदान मिळू शकते. ते सभागृह रोज उघडणारी, किल्ल्या सांभाळणारी, नोंदवही ठेवणारी आणि आठवड्यातून एकदा तेथे येणाऱ्या परिचारिकेसाठी खोली झाडून ठेवणारी व्यक्ती मात्र महसुली, म्हणजे पगारासारख्या चालू खर्चात मोडते, आणि तिच्यासाठी एक पैसाही मिळत नाही. गावापासून बाजारापर्यंत जाणाऱ्या बसचेही तेच आहे. थांब्यावर छत बांधता येते. बस चालवण्याचा तोटा कोणी भरून द्यायचा, हा प्रश्न दुसऱ्याच खात्याचा ठरतो. मध्यवस्ती आणि खेडी यांचे नशीब याच बसने एकमेकांना बांधलेले असते, कारण खेड्यातला माणूस दवाखाना, बँक आणि खरेदी यांसाठी शहरात आला नाही तर मध्यवस्तीतली वर्दळ अर्ध्यावर येते, आणि मध्यवस्तीतल्या या सोयी बंद पडल्या की खेड्यात राहणे अवघड होऊन बसते. असे असूनही दोन्हींचे निधी वेगळ्या मंत्रालयांतून, वेगळ्या अर्जांवर आणि वेगळ्या वेळापत्रकाने निघतात.

मग अटी काढून टाकल्या तर? जपानने तो प्रयोगही करून पाहिला आहे. १९८८-८९ मध्ये तेथील सरकारने देशातल्या जवळजवळ प्रत्येक नगरपालिकेला आणि गावाला सरसकट दहा कोटी येन दिले आणि ते कसे वापरायचे, हे ज्याचे त्याच्यावर सोपवले. अवाजी बेटावरच्या त्सुना नावाच्या गावाने त्या पैशाच्या आधारे साठ किलोंहून जड अशी सोन्याची वीट आणून प्रदर्शनात मांडली. माणसे लांबून ती पाहायला, तिला हात लावायला येत, त्यामुळे गावाचे नाव झाले हे नाकारता येत नाही. ती वीट खाण कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती; सोन्याचा भाव चढल्यावर अनामत रक्कम वाढवून द्यावी लागेल असे दिसले, तेव्हा २०१० मध्ये ती परत करण्यात आली. या गावाला हसणे सोपे आहे. मला मात्र त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा वाटत नाही. एकदाच येणाऱ्या आणि पुन्हा कधी न येणाऱ्या पैशातून शिक्षकाचा किंवा डॉक्टरचा पगार कोणी सुरू करत नाही. अशा पैशातून एखादी वस्तूच घेतली जाते.

त्याच जपानने २००९ पासून वेगळी वाट धरली. शहरातली व्यक्ती ओसरत चाललेल्या गावात राहायला जाते, तेथे एक ते तीन वर्षे स्थानिक कामात हातभार लावते आणि तिचे मानधन व इतर खर्च सरकार उचलते. मुदत संपल्यावर निम्म्याहून अधिक लोक त्याच परिसरात स्थायिक होतात. अमेरिकेत १९७७ मध्ये तीन छोट्या शहरांत मुख्य बाजाररस्ता सावरण्याचा जो प्रयोग सुरू झाला आणि १९८० पासून देशभर पसरला, त्याचाही गाभा एक पूर्णवेळ पगारी व्यवस्थापक हाच होता: दुकानदारांना एकत्र बसवणारा, मालकांचा पाठपुरावा करणारा, सणासमारंभांचे नियोजन करणारा. या पगाराची कोनशिला बसवता येत नाही, ही त्याची मोठीच अडचण आहे.

आता जिन्याविषयी. जुन्या मध्यवस्तीत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना सर्वत्र असे. फ्रान्समधल्या कित्येक शहरांत दुकानाचा दर्शनी भाग रुंद करण्यासाठी वर जाणारी बोळ आणि जिना दुकानातच घेण्यात आला. तेव्हा तो फायद्याचा सौदा होता. पुढे दुकान बंद पडले आणि वरच्या दोन-तीन मजल्यांवर जायला रस्ताच उरला नाही. उत्तम जागेवरची घरे वर्षानुवर्षे कबुतरांच्या ताब्यात गेली. खालची फरशी कितीही गुळगुळीत केली तरी वर कोणी राहायला जात नाही, कारण जिना नाही. जिना परत आणायचा तर शेजारच्या दोन-तीन इमारती एकत्र घेऊन सामाईक जिना काढावा लागतो, म्हणजे तितक्या मालकांची संमती, वारसांचा शोध, मोजणी आणि नोंदणी आली. हे काम दीड वर्षाच्या मुदतीत होत नाही.

फ्रान्सने २०१८ मध्ये २२२ मध्यम शहरांसाठी पाच वर्षांचा, पाच अब्ज युरोंचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा त्यातला मोठा हिस्सा घरांच्या दुरुस्तीसाठी राखला आणि नंतर मुदतही वाढवली. त्याच वर्षीच्या कायद्याने प्रशासनाला आणखी एक अधिकार दिला, जो मला त्या पाच अब्जांइतकाच मोलाचा वाटतो. पुनरुज्जीवनाचा करार झालेल्या शहरात वेशीबाहेरच्या नव्या व्यापारी संकुलाचा अर्ज तीन वर्षांपर्यंत थांबवून ठेवता येतो. एका हाताने मध्यवस्तीवर निधी ओतायचा आणि दुसऱ्या हाताने वळणरस्त्यावर हजार गाड्यांच्या वाहनतळासह महादुकानाला परवानगी द्यायची, हा प्रकार इतका नित्याचा आहे, की त्यात काही विसंगती आहे हे कोणी बोलूनही दाखवत नाही.

आयर्लंडने हाच प्रश्न व्यक्तीच्या बाजूने हाताळला आहे. दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे असलेले जुने घर राहण्याजोगे करणाऱ्याला २०२३ पासून पन्नास हजार युरोंपर्यंत, आणि घर मोडकळीस आले असेल तर सत्तर हजारांपर्यंत अनुदान मिळते. पाच वर्षांच्या आत घर विकल्यास पूर्ण रक्कम परत करावी लागते. ही अट मला आवडते, कारण ती कामाच्या तारखेला न बांधता राहण्याच्या कालावधीला बांधलेली आहे. पैसे मात्र काम पूर्ण झाल्यावर हाती पडतात. म्हणजे ज्याच्याकडे आधीच रोकड किंवा पत आहे, त्यालाच हे अनुदान सुलभ. छोट्या ग्रामीण संस्थाही प्रतिपूर्तीच्या याच नियमापाशी अडतात: मंजुरीचे पत्र हातात असते आणि ठेकेदाराला द्यायला पैसे नसतात.

युरोपीय संघाच्या १९९१ पासून चाललेल्या ‘लीडर’ या ग्रामविकास कार्यक्रमात निधीचा निर्णय गावपातळीवरचे गट घेतात आणि त्यांत सरकारी प्रतिनिधींची मते निम्म्याहून कमी ठेवावी लागतात. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात या पद्धतीमुळे स्थानिक सहभाग वाढतो हे मान्य केले, पण तिच्या जादा खर्चाच्या मानाने जादा लाभ पुरेसा सिद्ध झालेला नाही, असा शेराही मारला. शेरा रास्त आहे. तरीही जादा म्हणून मोजल्या गेलेल्या त्या खर्चात गटाच्या कर्मचाऱ्याचा पगार असतो, आणि अर्ज भरायला गावकऱ्याजवळ बसणारा, जिन्यासाठी तीन मालकांच्या घरी पाच-पाच वेळा जाणारा माणूस बहुतेकदा तोच असतो. माझ्या हाती लेखणी असती तर पुढच्या निधीच्या नियमावलीत मी त्याचा पगार दहा वर्षांसाठी आधी मांडला असता आणि फरशीचे कलम त्यानंतर लिहिले असते.