बेरोजगारी घटली म्हणे!

दुपारी आमच्या शहराचे या महिन्याचे रोजगाराचे आकडे पाहिले. बेरोजगारीचा दर खाली आलेला. बरं वाटलं. संध्याकाळी जुना सहकारी भेटला. सहज विचारलं, "शोधाशोध कुठवर आली?" तर म्हणतो, "सोडून दिली रे. अर्ज करून करून कंटाळलो."

म्हणजे दर खाली आणायला यानेही हातभार लावलाय! बेरोजगार कोण? ज्याला काम नाही, जो ते शोधतोय आणि मिळालं तर लगेच रुजू होऊ शकतो, तो. शोध थांबवला की माणूस श्रमशक्तीतूनच, म्हणजे काम करणारे आणि शोधणारे यांच्या गणतीतूनच, बाहेर. उलट पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी फक्त १ तास काम केलं, तरी आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार तो रोजगारात. (हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.) त्यातून मध्यम शहरात पाहणीला घरं मोजकीच, त्यामुळे एका महिन्याची घट निव्वळ योगायोगही असू शकते. तीन महिन्यांची सरासरी जरा तरी भरवशाची.

घरी येऊन दुपारी न वाचलेला श्रमसहभागाचा, म्हणजे लोकसंख्येत श्रमशक्तीचा वाटा किती याचा, रकाना उघडला. तोही खाली आलेला.