हवा गरम टायरची मोजा
आज कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे होता, म्हणजे आपापल्या गाड्या रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस. बऱ्याच गाड्या रस्त्यावरच्याच हवेवर, ३३ पीएसआयला उतरल्या आणि काही लॅपनंतर पुढची चाकं वळणात सरळ निघायला लागली. कारण साधं आहे. ट्रॅकवर टायर तापला की ५ ते ८ पीएसआय चढतो. मग तो मधोमध फुगतो, पकड जाते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकला पुढे गरम ३४-३५ धरा, सुरुवात थंड २८ पासून. पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) आल्या आल्या मोजा, गेज एकच वापरा. साइडवॉलवरच्या (टायरच्या बाजूवरच्या) छोट्या त्रिकोणापलीकडे रबर घासलं असेल तर हवा कमी आहे. उजवी वळणं जास्त असली की डावे टायर जास्त तापतात. त्यांत थंड असतानाच १-२ कमी.

हवा नीट जमल्याशिवाय डँपरला (शॉक अब्सॉर्बरला) हात नको, हे कितीही वेळा सांगेन! मग डँपरचा नॉब पूर्ण कडक टोकापासून किती क्लिक (टप्पे) आहे ते मोजून लिहून ठेवा. पुढची चाकं अजूनही बाहेर सरकत असतील तर मागे २ क्लिक कडक करा. एका वेळी एकच बदल. पुढच्या टायरची फक्त बाहेरची कड झिजत असेल तर क्लिकने भागत नाही, उणे २ अंशांच्या आसपास कँबर लागतो, म्हणजे चाकाची वरची बाजू आत झुकलेली.

घरी निघण्यापूर्वी टायर थंड होऊ द्या आणि दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा.